जिवाभावाची जनावरे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पोळा जवळ आला की या सदराकडे जनावरांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली पुष्कळशी पत्रे रोगाविषयी कमी आणि नात्याविषयी जास्त बोलतात. घरचे जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, मेले किंवा विकावे लागले, तर घरातल्या माणसांनी कसे वागावे, असा प्रश्न त्यांत असतो. या अंकासाठी अशी पाच पत्रे निवडली आहेत. लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. आमच्याकडे गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी आहे. दोन्ही बैल घरच्याच गाईंचे असून आता सतरा-अठरा वर्षांचे झाले आहेत. मुलाने ट्रॅक्टर घेतल्यापासून ते खुंट्यालाच बांधलेले असतात. मुलगा म्हणतो, पोळा झाला की विकून टाकू, कुटार (मळणीनंतरचा भुसा) फुकट जाते. नातवंडे मात्र ऐकायला तयार नाहीत. माझा जीव त्यांच्यात अडकला आहे, पण मी मुलावर अन्याय तर करीत नाही ना? (तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

उत्तर : काकाजी, तुमचे चुकत नाही, पण मुलाचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नाही. चारशे किलो वजनाच्या बैलाला रोज आठ ते दहा किलो सुका चारा लागतो, म्हणजे जोडीला सोळा ते वीस किलो. ज्या वर्षी सोयाबीन हातचे जाते, त्या वर्षी कुटारही मिळत नाही आणि कडबा विकत घ्यावा लागतो. हा खर्च मुलाच्या डोक्यावर आहे, हे तुम्ही त्याच्यासमोर मोकळेपणाने मान्य केलेत, तर पुढचे बोलणे सोपे होईल.

मात्र ‘विकून टाकू’ या शब्दांचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे त्यालाही कळले पाहिजे. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती मार्च २०१५पासून लागू आहे. तिच्यामुळे गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, आणि गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आठदाती होऊन (सगळे पक्के दात येऊन) कितीतरी वर्षे उलटलेल्या आणि दात झिजलेल्या बैलाला शेतीसाठी कोणी घेत नाही. त्यामुळे बाजारात अशा जोडीला जो गिऱ्हाईक चटकन मिळतो, तो तिला कुठे नेणार, हे विचारल्याशिवाय कासरा त्याच्या हातात देऊ नये. हाती येणारी रक्कमही एवढी थोडी असते की तिच्यासाठी नातवंडांचे मन मोडावे, असे मला वाटत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की जोडी घरीच राहू द्यावी. ज्यांच्या खांद्यावर या घराची पंधरा वर्षांची शेती झाली, त्यांचे शेवटचे दोन-चार वर्षांचे वैरण-पाणी हा मी त्यांचा हक्क समजतो. हिशेबाच्या बाजूने एवढेच सांगतो की मोठा बैल दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतो, आणि कपाशीच्या रानाला वर्षानुवर्षे शेणखत न मिळाल्याने जमिनीचा कस कसा उतरला, हे तुमच्या भागातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. शेणखत मुलाच्या शेतात पडू द्या आणि चाऱ्याचा काही भार तुमच्या स्वतःच्या पैशांतून उचला. मग बैल कोणाच्या जिवावर जगतात, हा वाद घरात उरणार नाही.

आता त्यांच्या सांभाळाविषयी, कारण म्हाताऱ्या बैलाची आबाळ बहुधा अज्ञानाने होते. दाढा झिजल्या की आख्खा कडबा चावला जात नाही. बैल तोंडात घोळवून तो टाकून देतो आणि आपल्याला वाटते की त्याची भूकच गेली. त्याला बारीक कुट्टी द्यावी, सोबत भिजवलेली सरकीची ढेप थोडी द्यावी, आणि पाणी दिवसातून तीन-चार वेळा समोर ठेवावे. बांधून राहणाऱ्या बैलाचे खूर झिजत नाहीत, ते वाढतात आणि त्याची चाल बिघडते, म्हणून खूर कापून घ्यावेत आणि रोज सकाळी त्याला धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) का होईना, पण फिरवून आणावे.

आणखी एक गोष्ट जवळून पाहायची आहे. उतारवयाच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. बैल वारंवार डोके झटकतो, मान एका बाजूला कलती धरतो, शिंग खांबावर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि पुढे शिंग मुळाशी हलू लागते. सुरुवातीलाच लक्षात आले, तर शिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करता येते. उशीर झाला, तर अळ्या पडतात आणि जनावर फार हाल सोसते. दर आठवड्याला दोन्ही शिंगांच्या मुळाशी हात लावून पाहण्याचे काम नातवंडांवर सोपवा. त्यांना ते आवडेल आणि बैलही त्यांना चांगले ओळखतात.

काही कारणाने जोडी घरी ठेवणे अगदीच अशक्य झाले, तर गोशाळेचा विचार करा, परंतु आधी स्वतः जाऊन तिथला चारा, पाणी आणि सावली पाहा. आणि दोघांना वेगळे करू नका. वर्षानुवर्षे एका जुवाखाली चाललेल्या बैलांपैकी एक गेला की दुसरा दावणीशी तोंड नेत नाही, हे तुमच्या पिढीने पाहिलेले आहे. २०२२च्या लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीत आपल्या भागातल्या कितीतरी गोठ्यांत एकटे राहिलेले बैल असेच खंगले.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या सांजेला खांद शेकायला मुलालाच पुढे करा. खांद्यावरच्या जुन्या घट्ट्यावर हळद आणि तूप चोळताना आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणताना तो काय ठरवतो, ते त्याच्यावर सोडा. हीच जोडी त्याने वासरे असताना पाहिली असेल.

प्रश्न : आमचा कुत्रा परवा एकाएकी बदलला. खाणे सोडले, आवाज घोगरा झाला, खालचा जबडा लोंबतो आणि सारखी लाळ गळते. घशात हाड अडकले असेल म्हणून मामंजींनी त्याच्या तोंडात हात घालून पाहिले, मग दुधाची वाटी त्याच्या तोंडाशी धरली. त्यांच्या बोटांना भेगा आहेत. कुत्रा चावलेला नाही. तो लहान पिल्लू होता तेव्हापासून मामंजींच्याच ताटातली भाकर खातो. काळजीचे कारण आहे का? (तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम)

उत्तर : हे पत्र हाती येताच या ताईंना दूरध्वनीवरून कळवले आहे, आणि मामंजींची लस त्याच दिवशी सुरू झाली. इतर वाचकांसाठी उत्तर छापणे आवश्यक आहे.

लोंबणारा जबडा, बदललेला आवाज आणि गिळता न येणारी लाळ ही पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची, ठळक लक्षणे आहेत. पिसाळलेला कुत्रा अंगावर धावून येतोच, असे नाही. पुष्कळ कुत्री मुकी होतात, कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतात, आणि ‘हाड अडकले’ म्हणून नेमकी घरची मायाळू माणसे त्यांच्या तोंडात हात घालतात. रोगाचे विषाणू लाळेत असतात. चावा झालाच पाहिजे असे नाही. भेगा, ओरखडे किंवा जखम यांना लाळ लागली तरी धोका असतोच. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. त्यामुळे वाट पाहणे हा पर्यायच नाही.

लाळ लागलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि उताऱ्याच्या नादात वेळ घालवू नये. लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी (तो शून्य दिवस धरून), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते, आणि जखमेत लाळ गेली असेल तर सोबत प्रतिविषाणू सीरमही द्यावे लागते. दोन सुया झाल्यावर ‘आता बरे आहे’ म्हणून पुढच्या टाळणारी माणसे आमच्याकडे फार आहेत. कृपा करून चारही पूर्ण करा.

कुत्र्याला कोणीही काठीने मारू नये. त्याला एका खोलीत किंवा कोठ्यात बंद करून पशुवैद्यकांना कळवावे, अंगाला आणि लाळेला हात लावू नये. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन केला तरी मदत मिळते. मामंजींना ‘आपण त्याला सोडून दिले’ असे वाटत असेल, तर त्यांना सांगा की त्याला तहान-भूक उरलेली नाही, आणि घरातल्या माणसांनी दूर राहणे हेच त्याच्यासाठी आता उरलेले आहे. त्यांना रडू येत असेल तर रडू द्या. पुढे पिल्लू आणाल, तर तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचा आणि मग दर वर्षी एकदा टोचत राहा.

प्रश्न : आमच्या शेतातल्या कुत्र्याला आषाढात साप चावला आणि तासाभरात तो गेला. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, कुत्रा त्याच्याच पायाशी झोपत असे. आम्ही त्याला सांगितले की कुत्र्याला मामाच्या गावी पाठवले आहे. आता तो रोज मामाला फोन लावायला सांगतो, नीट जेवत नाही आणि शाळेतून आल्यावर फाटकाशी बसून राहतो. खरे सांगितले तर तो आणखी खचेल, अशी भीती वाटते. काय करू? (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : ताई, खरे सांगा आणि याच आठवड्यात सांगा. तुम्ही मुलाला दुःखापासून वाचवायला गेलात, त्यामागची माया कळते. परंतु आज तुमचा मुलगा दुःखात आहेच, आणि वर फसवणुकीची शंकाही त्याच्या मनात असावी. रोज फोन लावायला सांगणारे मूल बहुधा निम्मे ओळखून असते. आपल्या मित्राने आपल्याला न भेटता गाव सोडले, असे वाटून घेणे हे त्याच्या मरणापेक्षा हलके नसते.

आठ वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय ते कळते. चार-पाच वर्षांची मुले मेलेले जनावर पुन्हा उठेल अशी वाट पाहतात, सात-आठ वर्षांनंतर मात्र गेलेला परत येत नाही हे त्यांना उमगते. म्हणून शब्द सरळ वापरा. ‘झोपी गेला’ किंवा ‘देवाघरी फिरायला गेला’ असे म्हणू नका. ‘त्याला साप चावला, विष अंगात भिनले आणि तो मेला. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही खोटे बोललो, ते बोलायला नको होते,’ एवढे पुरेसे आहे. हे वडिलांनीही सोबत बसून सांगावे. आमच्याकडे बाप माणूस जनावरासाठी हळवा झालेला मुलांना दिसू नये, अशी काळजी घेतली जाते. ती मोडलेली बरी.

त्यानंतर तो काही प्रश्न विचारील. त्यांतला एक प्रश्न तो कदाचित तोंडाने विचारणार नाही, पण तुम्ही उत्तर द्या : यात त्याची काही चूक नव्हती. त्या रात्री आपणच त्याला मोकळे सोडले, आपणच त्याला उशिरा हाक मारली, असे काहीतरी अशा वयात मुले मनात धरून बसतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, साप आणि उंदीर उंचवट्यावर, कुटाराच्या ढिगाकडे आणि घराकडे येतात, आणि राखणीचा कुत्रा त्यांच्यावर सर्वांत आधी जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. माणसाला दिली जाते तीच, या चारही सापांच्या विषांवर चालणारी प्रतिसर्पविष लस कुत्र्यालाही लागू पडते, पण ती वेळेत हाती यावी लागते, आणि तालुक्यापासून दूरच्या शेतात तासाभरात ते होत नाही. म्हणजे तुमच्याही मनात काही असेल, तर तेही खाली ठेवा.

कुत्र्याला कुठे पुरले ती जागा मुलाला दाखवा. तिथे दगड ठेवायचा की कडुनिंबाचे रोप लावायचे, ते त्याला ठरवू द्या. त्याचा पट्टा, त्याची जेवणाची ताटली लगेच फेकून देऊ नका. शेजारीपाजारी ‘एका कुत्र्यासाठी एवढे?’ असे त्याच्यासमोर म्हणत असतील, तर त्यांना तिथेच थांबवा. दुसरे पिल्लू लगेच आणू नका. त्याने स्वतः मागितले, आणि तेही काही काळाने, तर आणा. घाईने आणलेल्या पिल्लाला पहिल्याची जागा भरून काढण्याचे ओझे वाहावे लागते आणि मूल त्याच्यावर चिडते.

बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. मात्र जेवण-झोप बिघडलेलीच राहिली, शाळेत जायला तो नकार देऊ लागला किंवा ‘मलाही मरायचे आहे’ असे बोलू लागला, तर टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : आमच्या कुत्रीला मागच्या बाजूला गाठ झाली असून तिच्यातून रक्त टपकते. वय सहा वर्षे. घरात लहान मुले आहेत, म्हणून गावातले लोक म्हणतात की तिला जंगलाच्या कडेला सोडून द्या. आईला हे पटत नाही. (तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : आईचे बरोबर आहे. गावच्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक गाठ फार आढळते. फुलकोबीसारखी दिसते, सहज रक्त येते आणि दिसायला भयंकर असते. मात्र ती बहुतेक वेळा बरी होते. पशुवैद्यक आठवड्यातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत ती विरून जाते. माणसांना ती होत नाही. त्यामुळे आधी तपासणी करून घ्या, आणि बरी झाल्यावर तिचे निर्बीजीकरणही करा.

जंगलाच्या कडेला सोडणे म्हणजे तुमच्या भागात बिबट्याच्या तोंडी देणे होय. शिवाय पाळीव जनावराला उपाशी-तहानलेले टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. यात आणखी एक धोका आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. लस न टोचलेली कुत्री जंगलात गेली की डिस्टेंपरसारखे विषाणूजन्य रोग तिथल्या वन्य मांसभक्षी प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतात, आणि ताडोबाच्या परिसरात राहणाऱ्यांनी हे तर लक्षात ठेवलेच पाहिजे. रात्री तिला अंगणात साखळीने बांधू नका. बांधलेला कुत्रा बिबट्यापासून पळूही शकत नाही. कोठ्यात दार लावून ठेवा.

तपासणीत ती गाठ दुसऱ्या, बरी न होणाऱ्या प्रकारची निघाली आणि तिला उठणे, खाणे, लघवी करणेही जमेनासे झाले, तर पशुवैद्यकांकडून वेदनारहित मरण देता येते. हे पाप आहे का, असे पुष्कळ जण विचारतात. माझ्या समजुतीप्रमाणे ज्या जिवाला पुढे केवळ वेदना आहे, त्याला तिच्यातून सोडवणे हे त्याच्या मालकाचे कर्तव्य आहे. पण निर्णय घरातल्या सर्वांनी मिळून घ्यावा आणि शेवटी तिच्या ओळखीचे माणूस तिच्याजवळ बसलेले असावे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शेळी मेल्यामुळे तिने एक बोकड बाटलीने दूध पाजून वाढवला. आता बियाण्यांना पैसे हवे आहेत आणि तो विकावा लागणार. ती शाळेत असताना बाजारात नेऊन टाकावा का? (तालुका अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती)

उत्तर : भाऊ, तसे करू नका. शेळी हे आपल्याकडे अडीअडचणीला उपयोगी पडणारे धन आहे, आणि बोकड विकण्यात तुमचा दोष काही नाही. पण तो तिच्या नकळत विकलात, तर बापावरचा तिचा विश्वास त्याच्याबरोबर जाईल. बाजाराच्या चार-पाच दिवस आधी तिला घेऊन बसा, बियाण्यांचे आणि खताचे पैसे किती, घरात आहेत किती, ते कागदावर मांडून दाखवा. सहावीतल्या मुलीला हा हिशेब कळतो. ती रागावेल, जेवणार नाही, तुमच्याशी बोलणार नाही. एवढे तुम्ही सोसले पाहिजे. बाजाराला यायचे की नाही, हे तिच्यावर सोपवा.

दुसरे म्हणजे, यापुढे ज्या पिल्लाला विकायचे हे आधीच ठरलेले आहे, ते मुलांच्या हाती देतानाच तसे सांगा.

विक्रीच्या पैशांतून जमेल तेव्हा तिच्या नावाने बेरारी जातीची एक पाठ (शेळीची तरुण मादी) घ्या, जी घरी राहील आणि जिची पिल्ले तिची असतील. निवड तिलाच करू द्या आणि ती कशी करायची ते शिकवा : पाठीची आई किती दूध देते आणि जुळी देते का, पाठीचे डोळे स्वच्छ आहेत का, पापणीची आतली बाजू लालसर आहे की पांढुरकी, चारही पाय सरळ पडतात का. पांढुरकी पापणी म्हणजे बहुधा पोटात जंत, अशी पाठ तिने नाकारली तर तिचे ऐका.